त्याने काहीच मागितलं नाही

"मॅडम, कुठपर्यंत आलात?"

फोनवरचा माणूस जुनी ओळख असल्यासारखा बोलत होता. मी ओट्याशी चहा गाळत होते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरलेला.

"कोण बोलतंय?"

"निकम बोलतोय, सातपूरच्या परीक्षा केंद्रावरून. आज परीक्षा आहे ना तुमची? नऊला सुरू होते. बाकीचे सगळे आलेत."

मला हसूच आलं. परीक्षा होती हे खरं, पण दुपारी दोनला. सकाळ मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. आणि हा पठ्ठ्या मला घाई करत होता. असल्या फोनांची मला सवय होती. सहकारी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात माझं कामच ते होतं: बँकेला आणि तिच्या माणसांना ऑनलाइन चोरांपासून जपायचं. चोर आधी घाई करतो, मग घाबरवतो, आणि माणूस घाबरला की हवं ते काढून घेतो. एखादा असा आपल्या पायांनी चालत आला की मी त्याला सहजी सोडत नसे.

"अरे वा. माझी परीक्षा आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"यादीत नाव आहे ना, मॅडम. हेमांगी खैरनार."

"मग आता काय करायचं मी? तुम्ही लिंक पाठवणार आणि मी ती दाबायची, असंच ना?"

"लिंक कशाला, मॅडम? तुम्ही या फक्त. साडेनऊला दार बंद होतं. वेळ बदललीय, तुम्हाला मेल गेला असेल बघा..."

"हो, तो मेलही तुम्हीच पाठवला असणार."

"अहो, ऐकून तरी घ्या!"

"सायबर पोलिसांचा नंबर देऊ? ते निवांत ऐकून घेतात."

फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला आणि चहाचा घोट घेतला. सकाळीच एक चोर परतवला म्हणून जरा बरंही वाटलं. तेवढंच परीक्षेवरून मन हटलं.

ती परीक्षा साधी नव्हती. प्रश्न वाचा, उत्तरावर खूण करा, असला प्रकार नाही. सहा तास एका खोलीत बसवतात. समोर एका खोट्या कंपनीचे कॉम्प्युटर असतात आणि आपण चोर होऊन, अर्थात परवानगीने, त्यात घुसायचं. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं करत कंपनीच्या साहेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायचं आणि कुठली खिडकी उघडी सापडली ते पुराव्यासकट लिहून द्यायचं. चोराची अक्कल असल्याशिवाय चांगली राखण करता येत नाही, असं त्या परीक्षेचं म्हणणं. आधीच्या वर्षी मी साहेबाच्या दारापर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. नापास.

या खेपेला नापास होऊन चालणार नव्हतं. आमच्या विभागाचे प्रमुख देशमाने साहेब निवृत्त होत होते. संचालक मंडळाने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, खैरनारबाईंकडे ते प्रमाणपत्र आलं तर खुर्ची त्यांची, नाहीतर सगळं काम बाहेरच्या कंपनीला. "हेमांगी, मी माझ्याकडून किल्ला लढवलाय," साहेब म्हणाले होते. "पण कागद आणल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. आणि पुढची परीक्षा तर माझ्या निवृत्तीनंतर आहे." म्हणजे आज किंवा कधीच नाही. नाहीतर जो विभाग मी उभा केला, त्यातच मी बाहेरून आलेल्या पोरांच्या हाताखाली बसणार होते.

चहाचा कप विसळत होते, तोच सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात त्यांचा तो बटणांचा छोटा फोन. तो त्यांनी असा धरला होता, जणू तापलेला तवाच.

"हेमांगी, रागावू नकोस."

"काय झालं, आई?"

"मी फोन उचलला. ओळखीचा नव्हता."

आमच्या घरात ही केवढी मोठी गोष्ट होती, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. सासूबाई सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर शिकवून निवृत्त झालेल्या. माणसांत रमणाऱ्या. नवा मोठा फोन आला तेव्हा त्यांनी महिन्याभरात जुने विद्यार्थी, जुन्या सहकारी, सगळे गोळा केले. रोज सकाळी सगळ्यांना फुलांचं चित्र आणि सुविचार. मग एके दिवशी त्यांच्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंच्या नावाने निरोप आला, ताई, माझा एक आकडा चुकून तुमच्या फोनवर आलाय, तेवढा पाठवता का. यांनी पाठवला. अडल्यानडल्याला मदत करायची, इतकंच त्यांच्या मनात. तासाभरात त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप चोराच्या ताब्यात गेलं आणि त्यांच्या नावाने गावभर निरोप फिरले, मी फार अडचणीत आहे, मदत करा. चाळीस वर्षं ज्यांनी त्यांना 'बाई' म्हणून हाक मारली, त्यांचे फोन यायला लागले. बाई, काय झालं? बाई, कुणापुढे हात पसरायची वेळ कशी आली?

आणि मी, घरातली तज्ज्ञ, पाहुण्यांसमोर म्हणाले, "आई, शिकलेल्या माणसाने असं करावं?"

दुसऱ्या दिवशी तो मोठा फोन त्यांनी पुसून, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आणि सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बटणांचा फोन आणायला सांगितला. तेव्हापासून घरच्यांचे सोडून एकही फोन त्यांनी उचलला नव्हता. सकाळची फुलं बंद. तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो, पण यांनी ताक पिणंच सोडलं होतं.

"तीनदा वाजला गं," त्या म्हणाल्या. "वाटलं, एवढ्यांदा करतोय, कुणाची तरी नड असेल. तुझ्या परीक्षेचं बोलत होता. निकम म्हणून. नऊला परीक्षा आहे, त्यांना लवकर पाठवा म्हणाला."

"तुम्हालाही केला का?" मी कपाळावर हात मारला. "आई, तो चोर आहे. मलाही आत्ताच आला होता. परीक्षा दोनला आहे."

"माझा नंबर कुठून मिळाला त्याला?"

"असे नंबर बाजारात मिळतात."

"तो म्हणाला, तूच दुसरा नंबर म्हणून माझा दिलायस."

तो मी दिला होता खरा. तरी मी म्हटलं, "हे सगळं त्यांना माहीत असतं. यालाच तर त्यांची हुशारी म्हणतात. तुम्ही काळजी करू नका, त्याला काही सांगितलं नाहीत ना?"

"त्याने विचारलंच नाही."

"म्हणजे?"

सासूबाई हळूहळू बोलल्या. वर्गात हात वर करून उभ्या राहिलेल्या मुलीसारखा त्यांचा आवाज झाला होता.

"तूच शिकवलंस ना मला, त्या प्रकारानंतर. आवाज गोड आहे की नाही ते बघू नका, आई, समोरचा मागतो काय तेवढं बघा. मी सगळा वेळ तेच ऐकत होते. आता नाव मागेल, आता आकडा मागेल. त्याने काहीच मागितलं नाही गं. नुसतं म्हणाला, त्यांना पाठवा, मला दार बंद करावं लागेल."

मी हातातला कप ओट्यावर ठेवला.

"माझं चुकत असेल," त्या घाईने म्हणाल्या. "मला यातलं काय कळतंय? पण तुझ्या त्या हॉलतिकिटावर केंद्राचा नंबर असेल ना? त्यावर एकदा तू स्वतः लावून बघ. खोटं असलं तर माझ्यावर हस."

हॉलतिकीट काढलं. नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. आणि त्या टूं-टूं आवाजात मला तो मेल आठवला.

दोन आठवड्यांपूर्वी आला होता. भलत्याच कुठल्या कंपनीच्या पत्त्यावरून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, वर लाल अक्षरांत 'तातडीचे'. तुमच्या परीक्षेची वेळ बदलली आहे, संमतीसाठी खालील लिंक दाबा. फसवणुकीच्या जेवढ्या म्हणून खुणा मी शिकवते, तेवढ्या सगळ्या त्यात होत्या. मी लिंक अर्थातच दाबली नाही. उलट इतकी खूश झाले की तो मेल पडद्यावर लावून बँकेच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचा वर्ग घेतला. 'यातल्या खुणा ओळखा.' देशमाने साहेबांनी सगळ्या ओळखल्या, त्यांना टाळ्या मिळाल्या. तो मेल खरा असेल, हे त्या अख्ख्या खोलीत एकाच्याही मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

तिसऱ्यांदा फोन लागला.

"नमस्कार, परीक्षा केंद्र. निकम बोलतोय."

तोच आवाज.

"निकम साहेब," मी म्हटलं, "मी हेमांगी खैरनार."

तो म्हणाला, "पोलिसांचा नंबर द्यायला फोन केलात का, मॅडम?"

"मी निघाले. दार बंद करू नका."

"साडेनऊ, मॅडम. एक मिनिटही पुढे नाही. माझ्या हातात नाही ते."

घड्याळात नऊ वाजून गेले होते. मी घरभर सैरावैरा धावले. चप्पल सापडेना, आधार कार्ड सापडेना. माझी कागदपत्रं मी कुलपात ठेवते, कुलपाची किल्ली आणखी एका डब्यात, आणि तो डबा कुठे हे मला आठवेना. सगळ्या जगाला सुरक्षितता शिकवणारी बाई स्वतःच्या कपाटाबाहेर उभी राहून रडायच्या बेतात आली. सुहास नांदेडला गेलेला, त्याला विचारून उपयोग नव्हता.

"रव्याच्या डब्यामागे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तोवर पायांत चपला अडकवल्या होत्या. "चल. मी येते. अशा हातांनी गाडी चालवू नकोस, रिक्षा करू."

रिक्षा मिळाली. इंदिरानगरहून सातपूर काही लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल माझीच वाट पाहत बसला होता. मी घड्याळ बघायची, पुढे बघायची, पुन्हा घड्याळ. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. पुढे वाकून त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "दादा, मुलीची परीक्षा आहे हो." मागे वळून चाळिशीला आलेली ती मुलगी बघितली आणि तो हसला, पण त्याने रिक्षा दामटली.

निकम दारात उभे होते. मध्यम वयाचा, चष्म्याचा, घामाघूम झालेला माणूस. एक हात दाराच्या कडीवर.

"आधार कार्ड द्या, मॅडम."

मी दिलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"हल्ली फार फसवणूक होते," ते म्हणाले. "खात्री करावी लागते."

चेहरा अगदी गंभीर. मान खाली घालून आत शिरले आणि माझ्यामागे कडी लागली.

पहिला अर्धा तास गेलाच होता आणि तो भरून मिळणार नव्हता. त्यापुढचा बराच वेळ माझ्या हातांनी खाल्ला. टाइप करायला जावं तर बोटं भलतीकडे पडत. शेजारचे लोक शांतपणे कामाला लागलेले. खोलीत नुसता कळफलकांचा आवाज, आणि तो ऐकून वाटे, सगळे पुढे गेले, मी एकटी मागे राहिले. शेवटी डोळे मिटून स्वतःला म्हटलं, हेमांगी, दार बंद झालंय आणि तू आत आहेस. बाहेर नाहीस. एवढं पुरे.

पहिला कॉम्प्युटर उघडला. मग दुसरा. प्रत्येक पायरीला पडद्याचा फोटो काढून ठेवत होते, कारण पुरावा नसेल तर केलेलं सगळं पाण्यात. दुपारपर्यंत साहेबाच्या कॉम्प्युटरपाशी पोचले. आणि तिथे, मागच्या वर्षीसारखीच, अडकले.

सगळ्या वाटा करून पाहिल्या. एकही आत जाईना. वेळ संपत आला होता. देशमाने साहेबांचा चेहरा समोर आला, मग त्यांच्या खुर्चीत बसलेला कुणी परका. मी माझीच टिपणं पहिल्यापासून वाचली. त्यात एका जागी मी लिहिलं होतं: 'प्रिंटर. पासवर्ड कारखान्यातून आलेलाच, बदललेला नाही. नक्कीच सापळा. सोडून दे.'

सकाळी हेच लिहिलं होतं. इतकं सोपं दार उघडं कोण ठेवेल? हे मुद्दाम आपल्याला वेळ घालवायला ठेवलंय, असं म्हणून मी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. आता त्या ओळीकडे बघताना मला निकमांचा आवाज ऐकू आला. अहो, ऐकून तरी घ्या! सकाळपासून मी साप साप म्हणून भुई धोपटत होते. प्रिंटरमध्ये एकदा डोकावून बघायला माझं काय जाणार होतं?

प्रिंटर उघडला. आमच्या बँकेतल्या प्रिंटरसारखाच तो होता. कागद स्कॅन करून थेट साहेबाकडे पाठवता यावा म्हणून कुणीतरी साहेबाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड त्यात भरून ठेवला होता. अशी आळशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात. सापळा नव्हता. साधा आळस होता.

साहेबाचं दार उघडलं तेव्हा मी तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर ओरडलेच असते. फोटो काढले, घाईघाईने अहवाल लिहिला. शेवटची ओळ पुरी होते न होते तोच वेळ संपल्याची सूचना आली. अहवाल पोचला की नाही, नीट पोचला की नाही, काही कळलं नाही. पडदा काळा झाला.

बाहेर आले तर सासूबाई बाकावर बसल्या होत्या. घरी गेल्याच नव्हत्या. निकमांनी त्यांना चहा दिला होता आणि तेवढ्या वेळात त्यांनी निकमांचं गाव, मुलं, मुलांच्या शाळा, सगळं काढून घेतलं होतं.

"कशी गेली?"

"माहीत नाही, आई. शेवटचं पोचलं की नाही तेच कळलं नाही."

"पोचलं असेल," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. जीव टांगणीला लागला होता. बँकेत देशमाने साहेब रोज भुवया उंचावून विचारायचे आणि मी रोज मान हलवायची. बाहेरच्या कंपनीची दोन माणसं येऊन विभाग बघूनही गेली. एकाने माझं टेबल कुठे हलवता येईल, हे माझ्यासमोरच विचारलं. मी घरी येऊन न जेवता झोपले.

मग एका रविवारी सकाळी सासूबाई आणि मी मेथी निवडत बसलो होतो आणि माझ्या फोनवर मेल आला. तोच भलता पत्ता. तीच मोडकी इंग्रजी. तीच लाल अक्षरं. तुमचा निकाल तयार आहे, पाहण्यासाठी इथे दाबा.

बोट पुढे जाईना. मी हॉलतिकिटावरच्या नंबरवर फोन लावला. रविवार असूनही निकमांनी उचलला.

"निकम साहेब, निकालाचा मेल आलाय. तुम्हीच पाठवलाय ना?"

ते खो खो हसले. "आलाय तर उघडा की, मॅडम. खरा आहे, आमचे मेल दुसरी कंपनी पाठवते. सासूबाईंना नमस्कार सांगा."

फोन ठेवला. आता अविश्वासाला जागा नव्हती, पण भीतीला होती. त्या लिंकमागे काहीही असू शकत होतं. समोर सासूबाई मेथीची काडी हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. आणि मला परीक्षेच्या सकाळी दारात उभ्या असलेल्या त्या आठवल्या, बटणांचा फोन हातात धरून, रागावू नकोस म्हणणाऱ्या. मला भरून आलं.

मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"आई, तुम्ही दाबा."

"मी? छे गं. मी नाही हात लावणार. काही झालं तर?"

"काही नाही होत. मी खात्री केलीय. तुम्ही दाबा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पदराला बोट पुसलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हलकेच लिंकवर टेकवलं. चक्र फिरत राहिलं. आम्ही दोघी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो होतो. मग पान उघडलं. मला अक्षरं दिसेचनात, डोळ्यांत पाणी आलं होतं. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि पहिलीच्या वर्गात वाचावं तसं बोट ठेवून मोठ्याने वाचलं.

"पास."

मी त्यांच्या गळ्यात पडले. मेथी सगळी फरशीवर. आम्ही हसत होतो, रडत होतो, काय करत होतो ते आमचं आम्हालाच कळत नव्हतं. मग सुहासला फोन, देशमाने साहेबांना फोन. साहेब एवढंच म्हणाले, "उद्या टेबल हलवायचंय. माझ्या केबिनमध्ये."

या गडबडीत सासूबाई कधी उठून आत गेल्या ते मला समजलं नाही. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी रुमाल सोडला आणि तो मोठा फोन माझ्यापुढे ठेवला.

"हेमांगी," त्या म्हणाल्या, "हा चार्जिंगला लावशील? निकमांना फुलं पाठवायची राहिलीत."